महापुराची तयारी : आधीं गांवास विचारा

मृग निघण्यापूर्वीं शेतकरी आपलें घर शाकारतो, बांधबंदिस्ती पुरी करतो, बियाणें निवडून ठेवतो, वैरणीची गंज झांकून घेतो. पाऊस येणार हें त्यास ठाऊक असतें, आणि तो आल्यावर धांवाधांव करून कांहीं साधत नाहीं हेंहि ठाऊक असतें. परंतु हाच शेतकरी ज्या गांवांत राहतो त्या गांवाची, गांव या नात्यानें, महापुरासाठीं कांहीं तयारी असते काय, असा प्रश्न केल्यास उत्तर देणें अवघड जातें. "ती तयारी सरकारनें करावयाची" असें बहुधा म्हटलें जातें. सरकार ती करतेंहि. मात्र सरकारास जी माहिती हवी ती गांवांतच असते, आणि ती कोणीं विचारल्यावांचून बाहेर येत नाहीं. या गोष्टीकडे सभासद बंधूंचें लक्ष वेधावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

कृष्णा, वारणा व पंचगंगा यांच्या कांठच्या लोकांनीं २००५, २०१९ आणि २०२१ असे तीन महापूर सोळा वर्षांच्या अवधींत पाहिले. २००५ सालींच आपल्या देशांत आपत्ति-व्यवस्थापनाचा कायदा झाला. त्या कायद्यान्वयें प्रत्येक जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण असतें. आणि जिल्ह्याची आपत्ति-योजना या प्राधिकरणानें स्थानिक संस्थांशीं विचारविनिमय करून तयार करावी, असें कायद्यांत स्पष्ट सांगितलें आहे. यांतील विचारविनिमय हा शब्द महत्त्वाचा आहे. कचेरींतून एक छापील तक्ता यावा, ग्रामपंचायतीनें त्यांत लोकसंख्या, शाळेच्या खोल्या व दूरध्वनीचे क्रमांक भरून तो परत धाडावा, एवढ्यानें विचारविनिमय होत नाहीं. असल्या तक्त्यावरून केलेल्या योजनेस नदीची उंची कळते, परंतु घरांतील माणूस कळत नाहीं.

२०१९ सालचा धडा

सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेचें पाणी ४० फुटांस पोंचलें कीं ती इशाऱ्याची पातळी, व ४५ फुटांस पोंचलें कीं धोक्याची पातळी समजतात. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेच्या याच पातळ्या अनुक्रमें ३९ व ४३ फूट आहेत. ऑगस्ट २०१९ मध्यें आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलें. २००५ सालीं तें सुमारें ५४ फुटांपर्यंत चढलें होतें. दोन पुरांमधील अंतर कागदावर अवघें तीन-साडेतीन फूट दिसतें. परंतु सपाट काळ्या रानांत तीन फूट पाणी किती दूरवर पसरतें, हें शेतकऱ्यांस सांगावयास नको.

त्या वेळीं इशारे दिले गेले असतांहि पुष्कळ लोक घरांतच राहिले. बाहेरच्या माणसास हा हट्ट वाटला. परंतु त्यामागें कारणें होतीं. पहिलें कारण २००५ सालची खूण. "त्या सालीं आमच्या जोत्यास पाणी लागलें नव्हतें, आतां कोठून लागणार?" असा हिशेब अनेकांनीं केला. दुसरें कारण जनावरांचें. दारांत चार म्हशी बांधलेल्या असतां कुटुंबानें कोणाच्या भरंवशावर निघून जावें? माणसांना नेणारी नाव येत होती, पण जनावरांची सोय कोठें आहे याचें उत्तर तिच्याजवळ नव्हतें. तिसरें कारण असें कीं, अंथरुणास खिळलेलें माणूस, बाळंतीण, किंवा एकटी म्हातारी असलेल्या घरास हलण्यासाठीं चार हात लागतात, आणि ते हात ज्याच्या त्याच्या घरीं गुंतलेले असतात.

कृष्णा आणि येरळा यांच्या संगमावर पलूस तालुक्यांत ब्रह्मनाळ हें गांव आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं तेथें माणसांनीं गच्च भरलेली नाव उलटली आणि स्त्रिया व मुलें यांसह अनेकांचे प्राण गेले. ज्या पाण्यापासून वांचावयाचें त्याच पाण्यांत, वांचविणाऱ्या नावेंतून, हीं माणसें गेलीं. या दुःखद प्रसंगावरून कोणास दोष देण्यापेक्षां प्रत्येक नदीकांठच्या गांवानें स्वतःस कांहीं प्रश्न विचारावेत. आपल्या गांवांत शेवटपर्यंत मागें राहणारीं माणसें किती? त्यांस नेण्यास नावा किती? एका नावेंत किती जण बसावयाचे, हें घाटावर उभें राहून निक्षून सांगणारा माणूस कोण? गर्दी लोटल्यावर या प्रश्नांचीं उत्तरें शोधण्यास अवकाश नसतो; तीं वैशाखांतच ठरवावीं लागतात.

एक जुना दाखला

संकटाच्या वेळीं गांवची माहिती गांवांतूनच मिळवावी, ही कल्पना नवी नाहीं. १८७६ ते १८७८ च्या भयंकर दुष्काळांत पुण्याच्या सार्वजनिक सभेनें निरनिराळ्या जिल्ह्यांतून आपल्या प्रतिनिधींकडून पिकांची, धान्याच्या भावांची व लोकांच्या हालअपेष्टांची माहिती मागविली आणि ती सरकारापुढें मांडली. सार्वजनिक काका या नांवानें प्रसिद्ध असलेले गणेश वासुदेव जोशी हे त्या सभेचे अध्वर्यु होते. पुढें १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळनिवारणाचे लेखी नियम तयार झाले. भावांची अकस्मात् चढ, घरदार सोडून वाट फुटेल तिकडे निघालेलीं माणसें, हीं संकटाचीं पूर्वचिन्हें होत, हें तत्त्व त्यानंतर सरकारी व्यवहारांत रूढ झालें. हीं चिन्हें राजधानींत दिसत नाहींत. तीं आधीं बाजाराच्या गांवीं आणि पाणवठ्यावर दिसतात. दुष्काळास जें लागू, तेंच पुरासहि लागू आहे.

गांवांत कोणास काय ठाऊक असतें?

गांवचें ज्ञान एका माणसाजवळ सांठविलेलें नसतें. सरपंचांस विचारलें म्हणजे गांवास विचारलें असें होत नाहीं. ज्यास जें काम त्यास त्याची नजर, या न्यायानें तें वांटलेलें असतें.

नदीवरून उपसा करणाऱ्या पाणीपुरवठा संस्थेचा मोटारीवरील माणूस घ्या. पाणी चढूं लागलें कीं कांठावरची मोटार वर ओढून घ्यावी लागते. उशीर झाल्यास ती बुडते. म्हणून पाणी रात्रींत किती हात चढतें, आणि धरणांतून विसर्ग वाढविल्याची बातमी आल्यावर किती वेळानें तें आपल्या घाटावर पोंचतें, हें त्याच्याइतकें नेमकें क्वचितच दुसरा सांगेल. कित्येक ठिकाणीं पाण्याच्या पिढीजात खुणाहि असतात. नृसिंहवाडीस, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर, पुराचें पाणी श्रीदत्तांच्या पादुकांवरून वाहून दक्षिणद्वारानें बाहेर पडलें म्हणजे दक्षिणद्वार सोहळा होतो. भाविकांस ती स्नानाची पर्वणी; परंतु नदी कोठवर आली हें सांगणारी ती एक खूणहि आहे. अशी खूण प्रत्येक गांवीं असते. कोठें घाटाची पायरी, कोठें समाधीचा कट्टा, कोठें वडाची पार.

पाणी कोणत्या वाटेनें येतें, हें वरच्या आळींतील माणसापेक्षां ओढ्याकांठचा शेतकरी अधिक जाणतो. अनेक गांवांत पाणी नदीच्या अंगानें येत नाहीं. पाठीमागच्या ओढ्यानें येतें. नदी फुगली कीं ओढ्याचें पाणी तिच्यांत उतरत नाहीं, उलट नदीचेंच पाणी ओढ्यांत मागें शिरतें. ओढ्याचा पूल बुडतो, रस्ता तुटतो, आणि गांव कोरडें असतांनाच त्याचें बेट होतें. ज्या योजनेंत गांव सोडण्याची वेळ नदीच्या पाण्यावरून ठरविली आहे आणि ओढ्याचा विचार केला नाहीं, ती योजना लोकांना हलावयास सांगेल तेव्हां वाट उरलेली नसेल.

दूधसंस्थेचा चिटणीस हा दुसरा जाणता. सकाळ-संध्याकाळ बहुतेक घरांतील माणूस त्याच्यापुढें उभें राहतें. कोणाच्या गोठ्यांत किती दुभतीं जनावरें, कोणती म्हैस व्यावयास झाली, हें त्याच्या वहींतून व तोंडून कळतें. भाकड जनावरें, बैल, शेळ्यामेंढ्या यांची मात्र त्यांत नोंद नसते. ती पशुवैद्यकीय दवाखान्याच्या माणसाकडून पुरी करून घ्यावी.

आशा कार्यकर्ती व अंगणवाडीची सेविका यांना तर कोणीहि वगळूं नये. कोणत्या घरीं कितवा महिना चालू आहे, कोणाचें मूल अशक्त आहे, कोणास रोजच्या रोज औषध लागतें, हें त्यांस घरोघर फिरून ठाऊक असतें. नावाडी, आंबी व मासे धरणारे लोक पाण्याची ओढ कोठें आहे, भोंवरा कोठें पडतो, नाव कोणत्या बाजूनें लावावी, हें जाणतात. गुळाच्या काहिलीचा होडीसारखा उपयोग करण्याची रीतहि या भागांत आहे. काहिली कोणाकडे आहेत आणि त्या पाण्यांत वल्हवितां कोणास येतात, हें आधीं लिहून ठेवावें. कोतवाल व पोलीस पाटील यांस कोणतें घर बंद असतें, कोणी भाड्यानें राहिला आहे, रानांतील वस्त्यांवर कोण आहे, याची खबर असते. बचतगटाच्या बायकांस, शाळेंत दीडशें माणसें येऊन पडलीं तर रांधावयास किती भांडीं व किती सरपण लागेल, याचा अंदाज आपल्या पुरुषवर्गापेक्षां पुष्कळच अधिक असतो.

विचारण्याची रीत

हे जाणते शोधणें जितकें आवश्यक, तितकेंच त्यांस योग्य रीतीनें विचारणेंहि. चावडीवर सभा भरविली कीं बोलणारे ठराविक असतात. बहुधा ते आम्हीच, म्हणजे जमीनदार शेतकरी, असतों. आमचीं घरें बहुधा गांवठाणाच्या उंच भागीं असतात. पाणी प्रथम शिरतें तें खालच्या आळींत. आणि त्या आळींतील माणूस दिवसभर मजुरीस गेलेला असतो, किंवा आलाच तर मागें उभा राहून ऐकतो. आमच्याच रानांत झोपडी करून राहिलेल्या सालगड्याचें नांव कोणत्याच यादींत नसतें. यास्तव सभेवर भागवूं नये. संध्याकाळीं, लोक कामावरून परतल्यावर, त्यांच्याच आळींत जाऊन बसावें. बायकांचें म्हणणें बायकांनींच निराळें विचारून घ्यावें. पुरुषांच्या बैठकींत त्या न्हाणीची, शौचाची व निजण्याची अडचण सांगणार नाहींत, आणि याच अडचणीमुळें पुष्कळ घरें निवाऱ्यास येण्याचें टाळतात.

मग सर्वांनीं मिळून गांवची एक फेरी करावी. २००५, २०१९ व २०२१ या तिन्ही पुरांच्या खुणा भिंतींवर शोधून त्यांवर पक्क्या रंगाचे पट्टे ओढावेत. शाळेच्या पटांगणांत चुन्यानें गांवचा नकाशा काढावा. नदी, ओढे, पाणंदी, पूल, विजेचे खांब, उंच माळ हीं त्यांत दाखवावींत. नकाशा जमिनीवर असला कीं अक्षरशत्रु माणूसहि बोट दाखवून "येथें नाहीं, तेथें" असें बिनदिक्कत सांगतो. नंतर तोच कागदावर उतरून घ्यावा.

या सर्व खटाटोपांतून एक तक्ता मात्र अवश्य निघाला पाहिजे. सरकारी पुलावरील फूट आणि आपल्या गांवची खूण यांचा मेळ घालणारा तो तक्ता होय. आयर्विन पुलावर किंवा राजाराम बंधाऱ्यावर अमुक फूट पाणी असतें तेव्हां आपला ओढा बंद होतो. अमुक फुटांस खालच्या आळीच्या पहिल्या घरांत पाणी येतें. अमुक फुटांस शाळेची वाट तुटते. "पाणी ४३ फुटांवर गेलें" ही बातमी ऐकून म्हातारीस कांहीं बोध होत नाहीं. "उद्यां सकाळीं पाणी तुमच्या आळीच्या पाराशीं येईल" हें ऐकून ती गांठोडें बांधते.

जनावरांचा हिशेब

माणसें हलत नाहींत याचें मोठें कारण जनावरें हें असल्यामुळें त्यांचा हिशेब थोडा विस्तारानें देतों. समजा, खालच्या भागांतील ५०० मोठीं जनावरें आठ दिवस माळावर ठेवावयाचीं आहेत. दर जनावरास निदान ८ किलो कोरडी वैरण धरली तरी रोजीं ४,००० किलो, व आठ दिवसांस ३२,००० किलो, म्हणजे ३२ टन वैरण लागेल. दर जनावरास ५० लिटर पाणी धरल्यास रोज २५,००० लिटर, म्हणजे ५,००० लिटरचे पांच टँकर पाहिजेत. हा आंकडा पाहिल्यावर, ऐन वेळीं दात्यांनीं पाठविलेल्या चार गाड्यांवर भिस्त ठेवतां येणार नाहीं, हें उघड होतें. वरच्या शिवारांतील शेतकऱ्यांनीं आपल्या गंजींतून किती कडबा द्यावयाचा, त्याचा मोबदला कसा फेडावयाचा, आणि माळावर पाण्याची सोय कोण करणार, हें उन्हाळ्यांतच लेखी ठरलें पाहिजे.

घटसर्प व फऱ्या या रोगांच्या लशी पावसाळ्यापूर्वींच टोंचून घ्याव्यात. कारण निरनिराळ्या गोठ्यांतील जनावरें एकत्र आलीं कीं सांथ फैलावण्यास वेळ लागत नाहीं. कानांतील बिल्ल्याचा क्रमांक मालकाच्या नांवासह वहींत टिपून ठेवावा. तेवढी व्यवस्था लोकांनीं स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिली, तर घर सोडण्यास त्यांस फारसें सांगावें लागणार नाहीं. आणि कोणत्याहि कारणानें जनावर मागें ठेवावेंच लागलें, तर दावें सोडूनच निघावें. मोकळें जनावर पोहून कांठ गांठूं शकतें. खुंट्यास बांधलेलें शकत नाहीं.

गांवचें ज्ञानहि चुकतें

गांवास विचारा असें आम्ही म्हणतों, याचा अर्थ गांव सांगेल तें सर्व खरें मानावें असा नव्हे. २००५ ची खूण हें गांवचेंच ज्ञान होतें, आणि २०१९ सालीं त्यानेंच लोकांना घरांत बसवून ठेवलें. वडिलांनीं पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराहून मोठा पूर येणार नाहीं, ही समजूत घातक आहे. म्हणून मोटारीवरील माणसाचा अनुभव आणि धरणावरील अभियंत्याचा आंकडा हे दोन्ही एकाच बैठकींत शेजारीं मांडले पाहिजेत. अभियंत्यानें पाणी किती येईल तें सांगावें, गांवकऱ्यांनीं तें कोठून शिरेल तें सांगावें. शेवटच्या पट्ट्याच्या वर आणखी चार फूट पाणी आलें तर काय, या प्रश्नाचेंहि उत्तर योजनेंत लिहिलेलें असावें.

आणखी एक अडचण मोकळेपणानें सांगितली पाहिजे. माहिती विचारावयास गेलें कीं लोकांस वाटतें, ही नुकसानभरपाईची यादी आहे. मग कोणी जनावरें वाढवून सांगतो, तर कोणी कर बसेल या भीतीनें लपवितो. ही यादी कशासाठीं आहे व ती कोणाजवळ राहणार, हें पहिल्याच दिवशीं स्पष्ट करावें. घरांतील आजारपण व बाळंतपण यांची माहिती चावडीवर वाचून दाखवूं नये; ती आशा कार्यकर्तीजवळच राहावी, आणि हलविण्याच्या वेळीं ज्यांस काम करावयाचें त्यांसच ती मिळावी. तसेंच निवाऱ्याची जागा निवडतांना जेथें गांवांतील प्रत्येक जातीच्या माणसास निःसंकोचपणें शिरतां व बसतां येईल, अशीच जागा निवडावी. जेथें कांहीं जण दारांतच थबकतील, ती जागा निवारा नव्हे. असा संकोच आपल्या गांवीं आहे कीं नाहीं, हें वरच्या आळीनें सांगूं नये. खालच्या आळीस विचारावें.

आतां करावयाचें काय?

दर वर्षीं १ मे रोजीं ग्रामसभा भरते. त्यानंतर मृगास पांच आठवडे उरतात. एवढा अवधि पुरेसा आहे. आमच्या सूचना पुढीलप्रमाणें आहेत :

१. त्या ग्रामसभेंत दहा-बारा जणांची समिति नेमावी. तींत वर सांगितलेल्या प्रत्येक जाणत्यांपैकीं एक, निदान तीन स्त्रिया, व खालच्या आळींतील दोघे अवश्य असावेत.

२. पंधरा दिवसांत आळीवार बैठका, गांवफेरी व नकाशा हीं कामें उरकावीं.

३. नकाशा, पाण्याचा तक्ता, नावा व काहिली यांची यादी, जनावरांचा हिशेब, आणि हलविण्यास मदत लागणाऱ्या घरांची संख्या घेऊन समितीनें तहसील कचेरींत जावें, व जिल्ह्याच्या योजनेंत आपल्या गांवचें पान दुरुस्त करून मागावें.

४. रोहिणी नक्षत्रांत एक दिवस प्रत्यक्ष तालीम करावी. एका आळींतील माणसें व जनावरें खरोखरच माळावर नेऊन पाहावींत. कागदावर अर्धा तास लागणाऱ्या कामास प्रत्यक्षांत तीन तास लागतात, हें तेव्हां कळतें.

५. पूर ओसरल्यावर महिन्याभरांत समितीनें पुन्हा बसावें, आणि काय चुकलें तें लिहून काढावें. माणसें बदलतात, घरें वाढतात, ओढ्यांवर नवे पूल होतात. यासाठीं योजना दर वर्षीं तपासावी.

यांतील एकाहि कामास मोठा खर्च नाहीं. खर्च आहे तो वेळेचा, आणि थोडासा अभिमानाचा. कारण ज्यांस आम्ही एरवीं काम सांगतों, त्यांच्या दारीं जाऊन या कामांत त्यांस विचारावयाचें आहे. आपल्या संघाच्या सभासदांस गांवांत मान आहे, शब्दास वजन आहे. त्या वजनाचा उपयोग सभेंत आणखी एक भाषण करण्याकडे न करतां, मागें उभ्या असलेल्या माणसास पुढें बसविण्याकडे करावा. नदीकांठचें रान आम्हांस सोन्यासारखें पीक देतें; त्याच नदीचें पाणी घरांत शिरेल त्या रात्रीं आपल्या रानांतील सालगड्याचीं पोरें कोठें असतील, हें आज ज्यास सांगतां येत नाहीं, त्यानें आपली तयारी झाली असें समजूं नये.